चित्र दाखवा, मग निषेध छापा

गोगलगाईवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले आहेत. ती गोगलगाय म्हणजे राज्यघटना. आंबेडकरांच्या हातात चाबूक आहे. मागे पंडित नेहरू उभे आहेत आणि त्यांनीही चाबूक उगारला आहे. पाठीमागे लोकांची गर्दी हा संथ प्रवास बघत उभी आहे. शंकर, म्हणजे केशव शंकर पिल्लै, यांचं हे व्यंगचित्र २८ ऑगस्ट १९४९ चं. एनसीईआरटीनं ते २००६ साली अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घेतलं. सहा वर्षं मुलं ते पान उलटत होती, शिक्षक शिकवत होते. मग ११ मे २०१२ रोजी लोकसभेत त्यावरून गदारोळ झाला. जवळजवळ सगळ्या पक्षांनी चित्र काढून टाकण्याची मागणी केली आणि मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागितली. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली.

त्या वेळी मी पुण्यातल्या एका मराठी दैनिकात डेस्कवर काम करत होते. त्या आठवड्यातली वेगवेगळ्या वृत्तपत्रांची कात्रणं मी जपून ठेवली आहेत आणि आता पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर ती मांडते. संसदेतला गोंधळ त्यांत आहे, मंत्र्यांची माफी आहे, फुटलेल्या काचा आहेत, निषेधाच्या घोषणा आहेत. बहुतेक कात्रणांत एकच गोष्ट नाही: ज्यावरून हे सगळं घडलं ते चित्र. ते कुणी काढलं, कधी काढलं, कुठल्या प्रसंगावर काढलं, पाठ्यपुस्तकात त्याच्या शेजारी काय मजकूर होता, याला फार तर दोन ओळी मिळालेल्या दिसतात.

नेत्यांवरच्या व्यंगाबद्दल मला जे सांगायचं आहे ते याच रिकाम्या जागेबद्दल आहे. व्यंगचित्रावर राग आला, खटला झाला, हल्ला झाला की त्याची बातमी होते. पण त्या बातमीत व्यंगचित्र नसतं. वाचकाला दुसऱ्याचा राग कळतो, स्वतःचं मत बनवायला काहीच मिळत नाही. न पाहिलेल्या चित्रावर लोक भांडतात आणि त्या भांडणाला आपण लोकमत म्हणतो. पत्रकारितेत आयुष्य काढलेली बाई म्हणून मला हे फार गंभीर वाटतं.

चित्र वाचायचं कसं

राजकीय व्यंगचित्र बघताना मी विद्यार्थ्यांना आधी तारीख विचारायला सांगते. गोगलगाईच्या चित्राची तारीख सगळं उलगडून सांगते. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली होती. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालची मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ ला नेमली गेली. म्हणजे ज्या तारखेचं हे चित्र आहे, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या समितीला दोन वर्षं पूर्ण होणार होती. घटना रेंगाळली आहे, अशी टीका तेव्हा उघडपणे चालू होती आणि चित्राचा विषय तोच होता.

त्या टीकेला उत्तरही दिलं गेलं, आणि ते स्वतः आंबेडकरांनी दिलं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी इतर देशांचे आकडे मांडले. अमेरिकेच्या घटना परिषदेला चार महिने लागले, कॅनडाला दोन वर्षं पाच महिने, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष आणि ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं. त्या सगळ्या घटना आपल्यापेक्षा कितीतरी आटोपशीर होत्या, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्या सभेसमोर २,४७३ दुरुस्त्या मांडल्या गेल्या होत्या, त्या प्रत्येकीचा निकाल लावायचा होता. ३९५ कलमांची घटना त्यातून उभी राहिली. हे भाषण २०१२ साली कुठल्याही ग्रंथालयात मिळत होतं. चित्र आणि शेजारी या भाषणातला एक परिच्छेद, एवढी चौकट पहिल्या पानावर गेली असती, तर पुण्यातल्या, नागपुरातल्या, नांदेडमधल्या वाचकाला आपलं आपण ठरवता आलं असतं की शंकर यांची टीका न्याय्य होती की नाही. माझ्या मते ती न्याय्य नव्हती. आकडे वाचल्यावर इतक्या मोठ्या कामाला संथ म्हणणं मला पटत नाही. पण हे माझं मत चित्र पाहून आणि भाषण वाचून झालेलं आहे.

तारखेनंतरचा प्रश्न असतो, रोख कुणावर आहे. इथे चाबूक दोघांच्या हातात आहे आणि दोघांची नजर गोगलगाईकडे आहे, असं एक वाचन आहे. पाठ्यपुस्तकानंही तसंच वाचलं होतं. घटना बनवायला जवळजवळ तीन वर्षं का लागली असतील, असा प्रश्न त्यानं चित्राखाली मुलांना विचारला होता.

दुसरंही वाचन आहे, आणि ते मला माझ्याच वर्गात एका मुलीनं शिकवलं. चित्र पडद्यावर होतं. मी नजरेची दिशा समजावून सांगत होते. ती उठून म्हणाली, ‘‘मॅडम, नजर गोगलगाईकडे असेल. पण चाबूक पंडितजींच्या हातात आहे आणि त्याच्यापुढे पाठ कुणाची आहे तेपण बघा. आमच्या आजोबांनी चाबूक बघितलाय.’’ वर्ग एकदम शांत झाला. मग ती पुढे म्हणाली की, हे चित्र पुस्तकातून काढावं असं तिचं म्हणणं नाही. पण त्याच्याखाली हेही लिहायला हवं होतं. तिच्या म्हणण्याला अभ्यासाचा आधार आहे. व्यंगचित्रकार आणि अभ्यासक उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळात इंग्रजी वृत्तपत्रांत आलेली आंबेडकरांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रं एकत्र करून २०१९ साली पुस्तक काढलं. ती एकापाठोपाठ एक पाहिली की जाणवतं, इतर पुढाऱ्यांच्या शेजारी आंबेडकरांना किती वेळा ठेंगणं आणि केविलवाणं काढलं आहे. एकटं पाहिलेलं चित्र आणि या रांगेत पाहिलेलं चित्र यांत फरक पडतो.

ही दोन्ही वाचनं २०१२ साली वाचकासमोर यायला हवी होती. पळशीकरांची बाजू आणि त्या मुलीची बाजू. त्याऐवजी वाचकाला मिळाली ती फक्त घोषणांची बाजू. नंतर सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिनं पाठ्यपुस्तकांतली आणखीही बरीच व्यंगचित्रं काढण्याची शिफारस केली. समितीतले एक सदस्य एम. एस. एस. पांडियन यांनी मतभेद नोंदवला. त्या मतभेदाची बातमी शोधायला मला कात्रणांचा ढीग उपसावा लागतो.

बातमीतून चित्र गळतं कुठे

हे मुद्दाम कुणी करतं असं मी म्हणणार नाही. डेस्कवर बसलेल्या माणसाला हे रोज दिसतं. रात्री नऊ-साडेनऊला एजन्सीची बातमी येते. तिच्यात चित्राचं वर्णन दीड ओळीत असतं, कारण लिहिणाऱ्यानंही ते बहुधा पाहिलेलं नसतं. तोवर शहर वार्ताहर निषेधाच्या प्रतिक्रिया पाठवतो. फोटोग्राफरकडून आंदोलनाचे फोटो येतात: पुतळा जाळणारे, फलक धरलेले, पोलिसांच्या गाडीत बसलेले. ते फोटो तयार असतात, आपल्या मालकीचे असतात, पान सजवतात. मूळ चित्र मात्र शोधावं लागतं, ते छापायचं का हे संपादकांना विचारावं लागतं, आणि संपादकांना कायद्याच्या सल्लागाराला फोन लावावा लागतो. डाक आवृत्तीचं पान सुटायची वेळ जवळ आलेली असते. अशा वेळी फोटो जातो, चित्र राहून जातं.

भीतीचं कारणही खरं आहे. दगड पडतो तो कार्यालयाच्या काचेवर आणि मार पडतो तो बहुतेक वेळा तालुक्याच्या वार्ताहराला किंवा पहाटे गठ्ठा उचलणाऱ्या विक्रेत्याला. जिल्ह्यातल्या छोट्या वृत्तपत्राचा संसार सरकारी जाहिरातींवर चालतो. त्याला कुणी धाडसाचे धडे देऊ नयेत. पण मोठ्या आवृत्त्यांची, स्वतःचे वकील असलेली वृत्तपत्रंही जेव्हा चित्र गाळतात, तेव्हा ती आपलं काम अर्धवट सोडतात, असं मी स्पष्टपणे म्हणेन.

न्यायालयानं केलेलं काम

त्याच २०१२ सालच्या सप्टेंबरमध्ये मुंबईत असीम त्रिवेदी या कानपूरच्या तरुण व्यंगचित्रकाराला अटक झाली. डिसेंबर २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या मुंबईतल्या उपोषणाच्या वेळी त्यांची चित्रं दाखवली गेली होती. एका चित्रात संसद शौचकूप म्हणून काढली होती. दुसऱ्यात राजमुद्रेवरच्या सिंहांच्या जागी लांडगे होते आणि खाली ‘सत्यमेव’च्या ठिकाणी ‘भ्रष्टमेव’. त्यांच्यावर थेट राजद्रोहाचं कलम लावलं गेलं, जोडीला राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाचा कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ. राजद्रोह मागे घ्या, तोवर जामीन नको, असं त्रिवेदी यांनी सांगितलं. शेवटी एका वकिलाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं त्यांची जामिनावर सुटका केली आणि पुढच्या महिन्यात राज्य सरकारनं राजद्रोहाचं कलम सोडून दिलं.

काळ्या कपड्यांतला, मूठ उंचावलेला तरुण दूरचित्रवाणीवर दिवसभर दिसत होता. पण ही चित्रं चांगली आहेत की वाईट, आणि वाईट असली तर तेवढ्यानं गुन्हा होतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे वाचकाला समजावून सांगण्याचं काम फार थोड्यांनी केलं. ते काम अखेर न्यायालयानं केलं. १७ मार्च २०१५ च्या निकालात मुख्य न्यायमूर्ती मोहित शाह आणि न्यायमूर्ती एन. एम. जामदार यांच्या खंडपीठानं म्हटलं की, या चित्रांत विनोद, उपरोध असं काही दिसत नाही. भ्रष्टाचाराविरुद्धचा संताप आणि तिटकारा मात्र भरलेला आहे. आणि तरीही तो राजद्रोह नाही. १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आखलेली रेघ त्यांनी पुन्हा दाखवली: हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच राजद्रोह. सरकारवरची कडक, कडवट, अगदी बेचव टीकाही त्यात बसत नाही.

हा निकाल मला पत्रकारितेच्या धड्यासारखा वाटतो. न्यायमूर्तींनी चित्रं पाहिली, त्यांचा दर्जा सांगितला, मग कायदा सांगितला. वृत्तपत्रानंही याच क्रमानं जायला हवं. पुढच्याच आठवड्यात, २४ मार्च २०१५ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. अटकेच्या बातमीला जेवढी जागा मिळाली होती, तेवढी या दोन निकालांना मिळाली नाही. आजही माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांना असीम त्रिवेदींची अटक ऐकून माहीत असते. न्यायालयानं काय म्हटलं हे सांगणारा विद्यार्थी क्वचित भेटतो.

एकाच साप्ताहिकाच्या दोन गोष्टी

तमिळनाडूच्या ‘आनंद विकटन’ साप्ताहिकानं मार्च १९८७ मध्ये मुखपृष्ठावर एक विनोद छापला. व्यासपीठावर दोघं बसले आहेत. त्यांतला आमदार कोण आणि मंत्री कोण, असं कुणी विचारतं. उत्तर मिळतं, खिसेकापू दिसतो तो आमदार आणि दरोडेखोर दिसतो तो मंत्री. कुणाचंही नाव नव्हतं. एम. जी. रामचंद्रन मुख्यमंत्री होते. विधानसभेनं हक्कभंग ठरवून संपादक एस. बालसुब्रमणियन यांना तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा दिली आणि त्यांना तुरुंगात पाठवलं. देशभरातल्या पत्रकारांनी आवाज उठवला. काही दिवसांतच त्यांची सुटका झाली. बालसुब्रमणियन तेवढ्यावर थांबले नाहीत, उच्च न्यायालयात गेले. १९९४ साली मद्रास उच्च न्यायालयानं ती कारवाई चुकीची ठरवली आणि १,००० रुपये नुकसानभरपाई देवविली.

या प्रकरणात विनोद इतका छोटा होता की बातमीत तो पूर्ण सांगता येत होता. त्यामुळे वाचकाला पूर्ण हकिगत कळली आणि विधानसभेची शिक्षा त्या विनोदाच्या मानानं केवढी आहे हे ज्याचं त्याला मोजता आलं. पत्रकारांच्या निषेधाला लोकांची साथ मिळाली, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच ‘विकटन’च्या डिजिटल अंकात पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि डोनाल्ड ट्रम्प यांचं व्यंगचित्र आलं. अमेरिकेनं भारतीय स्थलांतरितांना बेड्या घालून परत पाठवलं होतं, त्या संदर्भात चित्रातल्या मोदींना साखळदंड दाखवले होते. भाजपच्या तमिळनाडूतल्या नेत्यांनी तक्रार केली आणि केंद्र सरकारनं संकेतस्थळ बंद केलं. मद्रास उच्च न्यायालयानं मार्चमध्ये ते पुन्हा सुरू करायला सांगितलं, पण ते चित्र तूर्त काढून ठेवण्याच्या अटीवर. एका चित्रासाठी सबंध प्रकाशन वाचकापासून तोडलं गेलं. अशा वेळी इतर वृत्तपत्रांवरची जबाबदारी वाढते. ज्याचा आवाज बंद केला आहे त्याचं म्हणणं काय होतं, हे सांगायला तेच उरलेले असतात.

आणीबाणीत हा मार्गही बंद होता. पूर्वतपासणी आली आणि ऑगस्ट १९७५ च्या अखेरीस ‘शंकर्स वीकली’ बंद झालं. त्याच साप्ताहिकाचं उद्घाटन १९४८ साली नेहरूंनी केलं होतं आणि मला सोडू नका, असं शंकरना बजावलं होतं. तरीही डिसेंबर १९७५ मध्ये व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचं एक चित्र ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये छापून आलं. राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद आंघोळीच्या टबात बसून वटहुकमावर सही करताहेत आणि आणखी असतील तर जरा थांबायला सांगा, असं म्हणताहेत. हजार शब्दांचा अग्रलेख जे सांगू शकत नव्हता ते या चित्रानं सांगितलं. घटनेतलं सर्वोच्च पद सही करण्यापुरतं उरलं आहे, हे एका नजरेत कळत होतं. ते चित्र आज पुस्तकांत आहे म्हणून आपल्याला आणीबाणी कळते. छापलंच गेलं नसतं, तर?

खारच्या स्टुडिओतलं गाणं

महाराष्ट्राला व्यंगाचं वावडं कधीच नव्हतं. बाळासाहेब ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ सुरू केलं तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण समारंभाला होते. आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’चा पुतळा पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात उभा आहे. जानेवारी २०१५ मध्ये लक्ष्मण यांचं पुण्यात निधन झालं तेव्हा त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला गेला आणि सगळ्या वृत्तपत्रांनी त्यांच्या जुन्या चित्रांनी पानं भरली. गेलेल्या व्यंगचित्रकाराचा मान आपण मनापासून ठेवतो. तेवढाच मोकळेपणा जिवंत माणसाच्या ताज्या विनोदालाही मिळायला हवा.

२३ मार्च २०२५ च्या रात्री मुंबईत खारच्या ‘हॅबिटॅट’ स्टुडिओची मोडतोड झाली. स्टँडअप कॉमेडियन कुणाल कामरा यांनी तिथल्या कार्यक्रमात एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर विडंबन गायलं होतं. नाव न घेता ते उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर होतं. शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी जागा फोडली, दुसऱ्या दिवशी महापालिकेनं त्याच जागेतल्या अनधिकृत बांधकामावर कारवाई केली, कामरांवर गुन्हा दाखल झाला. मोडतोड करणाऱ्यांपैकी काहींना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला.

पुढचे दिवस दूरचित्रवाणीवर मोडलेल्या खुर्च्या आणि चर्चांची चौकट होती. गाण्याचा राजकीय मुद्दा काय होता, तर शिवसेनेतल्या २०२२ च्या फुटीनंतरची निष्ठेची चर्चा. तो मुद्दा बरोबर की चूक, यावर महाराष्ट्रात दोन्ही बाजूंनी बोलणारी लाखो माणसं आहेत. शिंदे यांच्या समर्थकांकडे सांगण्यासारखं उत्तर होतं आणि ते शब्दांत देता आलं असतं. ते उत्तर मिळवणं, सविस्तर छापणं हे पत्रकाराचं काम होतं. खुर्च्यांच्या दृश्यात ते हरवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये याच कामरांच्या आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयानं केंद्र सरकारचा सत्यता तपासणी कक्षाचा नियम रद्द केला होता. सरकारबद्दलची कुठली माहिती खोटी, हे सरकारनंच ठरवायचं, असा तो नियम होता आणि त्यात विडंबनही भरडलं जाईल, अशी कामरांची हरकत होती. प्रत्येक नागरिकाशी संबंध असलेल्या या निकालाची चर्चा त्या मोडतोडीच्या मानानं किती झाली, हे वाचकांनी आठवून पाहावं.

काय करता येईल

सरसकट सगळं छापा, असं मी म्हणत नाही. जानेवारी २०१५ मध्ये ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीनं ‘शार्ली एब्दो’ या फ्रेंच व्यंग साप्ताहिकाचं, पैगंबरांचं चित्र असलेलं मुखपृष्ठ बातमीसोबत छापलं. संपादकांवर गुन्हे दाखल झाले, अटक झाली, आवृत्ती बंद पडली. श्रद्धेचा विषय आणि सत्तेतला नेता यांना एकाच मापानं मोजता येत नाही, आणि तिथे चित्र शब्दांत सांगणं हाच शहाणपणाचा मार्ग असू शकतो. दुबळ्या माणसाची, एखाद्या जातीची, बाईच्या शरीराची टिंगल पुन्हा छापून तिचा प्रसार करणंही मला मान्य नाही. माझा आग्रह सत्तेत असलेल्या आणि सत्तेसाठी मतं मागणाऱ्या माणसांवरच्या व्यंगापुरता आहे. त्यांनी आपलं सार्वजनिक आयुष्य आपल्यासमोर ठेवलेलं असतं.

अशा बातमीसोबत चित्र छोटं का होईना छापावं, चित्रकाराचं नाव आणि तारखेसह. ते कुठल्या प्रसंगावर आहे, हे चौकटीत सांगावं. हरकत घेणाऱ्याची नुसती घोषणा न घेता त्याला विचारावं की नेमकं काय खुपलं आणि का. त्या मुलीच्या आजोबांचा चाबूक अशा प्रश्नातूनच पानावर येतो. कलम लावलं असेल तर ते कलम काय म्हणतं आणि न्यायालयांनी आधी काय सांगितलं आहे, ते सोप्या भाषेत लिहावं. आणि निकाल लागला की त्याला अटकेच्या बातमीएवढी जागा द्यावी. यासाठी फार पैसा लागत नाही. एक जाणकार उपसंपादक आणि अर्धा तास लागतो.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात गोखले सभागृहात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त आंबेडकरांचं भाषण झालं. त्यात त्यांनी भारतीय वृत्तपत्रांवर कठोर टीका केली होती. वृत्तपत्रं वीरपूजेच्या नादी लागली आहेत आणि वाचकाला विचार करायला शिकवण्याचं आपलं काम विसरली आहेत, असा त्यांचा आरोप होता. सहा वर्षांनी संविधान सभेतही त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल देशाला सावध केलं. आपल्यावरच्या टीकेला आकड्यांनी उत्तर देणारा हा माणूस होता. त्यांच्या नावानं २०१२ साली जे झालं, त्यात त्यांचं हे उत्तर कुणी ऐकलं नाही आणि चित्रही बहुतेकांनी पाहिलं नाही.

म्हणून माझी विनंती पत्रकारांइतकीच वाचकांना आहे. पुढच्या वेळी एखाद्या नेत्यावरच्या विनोदानं शहर पेटलं असं वाचाल, तेव्हा संपादकांना पत्र लिहा आणि तो विनोद काय होता ते विचारा. विनोद वाईट असेल, अन्यायाचाही असेल. तो तसा आहे हे ठरवण्याचा हक्क मंत्र्याचा नाही, जमावाचा नाही आणि डेस्कवरच्या माझ्यासारख्या माणसाचाही नाही. तो वाचकाचा हक्क आहे, आणि वाचक मागत नाही तोवर तो कुणी आणून देणार नाही.